भूक मेली तेव्हा : मिनेसोटाच्या उपासमार-प्रयोगाचा एक अभ्यास

माझी भाची सोळा वर्षांची असताना मे महिन्यात आमच्याकडे राहायला आली होती. पहिल्याच रात्री मी तिच्या पानात एक पोळी वाढली. तिने पोळीचे आधी चार तुकडे केले, मग आठ, मग सोळा. ते ताटाच्या कडेने ओळीत लावले. एकेक तुकडा भाजीच्या रसाला नुसता टेकवायचा, तोंडात घालायचा, वर पाण्याचा घोट. आमची जेवणं आटोपली, ओटा आवरून झाला, तरी तिच्या ताटात अकरा तुकडे होतेच. मग ती उठली आणि गॅलरीत फेऱ्या मारायला लागली. रात्री साडेअकराला मला जाग आली तेव्हाही फेऱ्या चालूच होत्या. ऐन मे महिन्यात अंगात स्वेटर. "मावशी, तू झोप गं. मला बसवतच नाही," एवढंच म्हणाली.

घरात ज्याला जे सुचलं ते तो बोलला. आजीच्या मते खाण्याचे नखरे. शेजारच्या काकूंच्या मते मोबाइलचा परिणाम. माझ्या बहिणीला तर सगळ्यांनी मिळून ऐकवलं, की तुझंच लक्ष नाही पोरीकडे. मी आहारतज्ज्ञ. लोकांनी काय आणि किती खावं हे सांगण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. आणि समोर बसलेल्या मुलीला भूक का लागत नाही, अंगात त्राण नसताना तिचे पाय का थांबत नाहीत, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. भाची आज बरी आहे आणि तिला विचारूनच मी हे लिहिते आहे.

डॉक्टरांनी निदान केलं : ॲनोरेक्सिया नर्व्होसा, म्हणजे माणूस खाणं टाळत जातो आणि वजन धोक्याइतकं उतरतं तो आजार. उपचार सुरू झाले. ते त्यांचं काम होतं आणि त्यांनी ते चोख केलं. मला छळत होता तो प्रश्न वेगळा होता. जो प्राणी भूक लागल्यावर खात नाही त्याची पुढची पिढी राहत नाही. आपण सगळे तर लाखो वर्षं मिळेल ते खाऊन तगलेल्यांची लेकरं. मग अन्नाकडे पाठ फिरवणारी ही गोष्ट माणसात टिकली कशी? उत्क्रांतीच्या अंगाने या प्रश्नाची बरीच उत्तरं दिली गेली आहेत. ती पारखायला मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते असं एक प्रकरण, ज्यात ॲनोरेक्सिया झालेलं कुणीच नव्हतं.

स्टेडियमच्या खालच्या खोल्या

१९४४. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. युरोपात लाखो लोक उपाशी होते आणि युद्ध थांबल्यावर त्यांना खाऊ कसं घालायचं, हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज नावाचे शरीरशास्त्रज्ञ होते. त्यांनी ठरवलं, की धडधाकट माणसांना आधी पद्धतशीर अर्धपोटी ठेवायचं आणि मग त्यांना परत भरून आणण्याचे निरनिराळे मार्ग तपासायचे. त्यांना मिळालेले लोक म्हणजे युद्धात शस्त्र उचलायला धर्माच्या किंवा विवेकाच्या कारणाने नकार देणारे तरुण. दोनशेहून जास्त जणांनी नाव दिलं, त्यातले छत्तीस निवडले गेले. वय बावीस ते तेहतीस, शरीराने आणि मनाने ठणठणीत. निवडच तशी काटेकोर होती. पुढे अमेरिकेचे मुत्सद्दी म्हणून नाव कमावलेले मॅक्स कॅम्पेलमन याच छत्तिसांतले.

राहायची सोय विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमच्या खालच्या खोल्यांत. पहिले बारा आठवडे रोज सुमारे ३,२०० कॅलरींचं भरपेट जेवण. १२ फेब्रुवारी १९४५ पासून चोवीस आठवडे त्याच्या निम्मं, सरासरी १,५७० कॅलरींच्या आसपास. दिवसातून दोनच जेवणं. युरोपातल्या युद्धग्रस्तांच्या ताटात असतील तेच पदार्थ : बटाटे, सलगमसारखी कंदमुळं, काळपट पाव, मॅकरोनी. आठवड्याला बावीस मैल, म्हणजे पस्तीस किलोमीटर चालणं सक्तीचं. वजन ठरल्या रेषेवर उतरत नसेल तर पावाच्या चकत्या कमी-जास्त करायच्या. पुढच्या आठवड्याचं कुणाला किती, हे शुक्रवारी फळ्यावर लागायचं. त्या शुक्रवारची धास्ती त्यातल्या काहींना म्हातारपणीही आठवत होती.

आजच्या नीतिनियमांत हा प्रयोग बसणार नाही, आणि बसू नयेच. पण त्या माणसांनी जे सोसलं त्याची नोंद इतकी बारकाईने झाली, की १९५० साली ती दोन जाड खंडांत छापली गेली आणि खाण्याच्या आजारांवर काम करणारे लोक आजही तिच्याकडे वळतात.

सहा महिन्यांत वजन सरासरी चौथ्या हिश्शाने उतरलं. आराम करत असताना शरीर जी ऊर्जा खर्च करतं, ती जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटली. हृदयाचे ठोके मिनिटाला सरासरी पंचावन्नवरून पस्तीसवर आले. भर उन्हाळ्यात थंडी वाजायची. बसायच्या जागेवर मांसच उरलं नाही म्हणून खुर्चीत उशी घेऊन बसायचे. घोटे सुजले. स्त्रियांबद्दलचं, प्रेमाबद्दलचं आकर्षण जवळपास विझलं. माणसं एकलकोंडी आणि चिडखोर झाली. मानसशास्त्रीय चाचण्यांत उदासी आणि आजारपणाची भीती यांचे आकडे वर गेले. एकाने तर पुढे, परत अन्न वाढवायला सुरुवात झाल्यावर, लाकूड फोडताना स्वतःच्या हाताची तीन बोटं तोडली. ते चुकून झालं की मुद्दाम, हे त्याला स्वतःलाही नंतर सांगता येईना.

माझं लक्ष मात्र जेवणाच्या टेबलावरच खिळलं. हेच तरुण आधी गप्पा मारत भराभर जेवायचे. आता ते ताटावर हात आडवा धरून बसू लागले. घासाचे बारीक तुकडे करायचे, एकात एक कालवायचं, वर मीठ-मसाला भुरभुरवायचा, पाणी घालून वाढवायचं आणि तासभर पुरवायचं. शेवटी ताट चाटायचं. काहींनी पाककृतींची पुस्तकं जमवायला सुरुवात केली, एकाकडे तर शंभरच्या घरात झाली. सिनेमाला गेले तर पडद्यावरचं जेवण तेवढं लक्षात राहायचं. च्युइंगगम एकाने दिवसाला चाळीस पाकिटांपर्यंत नेलं, कॉफीवर नऊ कपांची मर्यादा घालावी लागली. एकाने बाहेर जाऊन चोरून खाल्लं, तेव्हापासून सोबतीशिवाय बाहेर पडायचं नाही असा नियम झाला.

हे वाचताना माझ्यासमोर ते सोळा तुकडे आले. ताटाच्या कडेला ओळीने लावलेले. आणि मला आठवलं, की भाचीच्या फोनमध्ये केक करण्याचे शेकडो व्हिडिओ साठवलेले होते. आपल्याला वाटतं हा मनाचा आजार, विचित्र सवयी, हट्ट. त्यातलं निम्मंअधिक तर निवडून घेतलेल्या खंबीर पुरुषांत, केवळ अर्धपोटी ठेवल्यामुळे, चार-सहा महिन्यांत उगवलं होतं. ती ताट पुरवून पुरवून खाण्याची रीत उपाशी शरीराची आहे. मुलीच्या स्वभावाशी तिचा संबंध नाही. आमच्या घरात हे कुणीतरी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं.

जिथे जुळत नाही

पण तीन ठिकाणी छत्तीस जण आणि माझी भाची यांच्या वाटा फुटतात, आणि उत्क्रांतीचा सगळा वाद त्या तीन ठिकाणीच आहे.

पहिलं, भूक. त्या माणसांची भूक मेली नाही. चोवीस आठवडे ती पोटात पेटलेली होती आणि बंधन उठताच ते खाण्यावर तुटून पडले. भाचीसमोर अन्न होतं, बंधन कुणाचंच नव्हतं, आणि हात पुढे जात नव्हता.

दुसरं, पाय. मिनेसोटाचे तरुण जमेल तितकं हलणं टाळायचे. रस्ता ओलांडताना फुटपाथची कड चढायला नको म्हणून ते जिथे गाडी आत जायला उतार केलेला असेल तिथपर्यंत बघत जायचे. हे मी भाचीला वाचून दाखवलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मावशी, माझं उलटं होतं. जिना दिसला की चढावासाच वाटायचा. न चढता पुढे गेले तर अंगात काहीतरी सळसळत राहायचं."

तिसरं, आरसा. भुकेने खंगलेल्या माणसाला आपण खंगलो हे कळतं. ॲनोरेक्सियात ते मानलंच जात नाही. इथे मात्र एक गोष्ट नोंदवायला हवी. प्रयोगानंतर वजन परत चढू लागलं तेव्हा त्या पुरुषांपैकी काहींनी पोट सुटलं, मांड्या सुटल्या म्हणून तक्रारी केल्या. म्हणजे आरशाचा घोळ थोडाफार उपासमारच घालते, असं मानायला जागा आहे.

दुसरा मुद्दा नवा नाही. लंडनचे डॉक्टर विल्यम गुल यांनी १८७३ च्या सुमारास या आजाराला आजचं नाव दिलं. इतक्या झिजलेल्या देहाला एवढी हालचाल झेपते कशी, आणि वर ती आवडते कशी, याचं आश्चर्य त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं होतं. त्यांच्या रुग्णांच्या वर्णनात जाड होण्याची भीती नाही. पायांची अस्वस्थता आहे.

दुष्काळातून बाहेर पडणारे पाय

याच तीन मुद्द्यांना एकत्र बांधणारं उत्तर अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ शॅन गिसिंगर यांनी २००३ साली मांडलं. त्या म्हणतात, माणूस हजारो पिढ्या भटका होता. आसपासचं अन्न संपलं की दोनच मार्ग : बसून राहून ऊर्जा वाचवायची, किंवा उठून नवी जमीन गाठायची. बसून राहणाऱ्यासाठी मिनेसोटाची प्रतिक्रिया योग्य : भूक तीव्र, हालचाल कमी. पण निघायचं असेल तर हीच प्रतिक्रिया आड येते. भूक माणसाला झुडपाझुडपाशी थांबवते, थकवा पाय धरतो, आणि आपण किती खंगलो हे कळलं तर धीर सुटतो. तेव्हा काही थोड्या लोकांत वजन एका मर्यादेखाली गेलं की भूक दबते, पाय चालू लागतात, आणि मन म्हणतं मी ठीक आहे. असे चार लोक टोळीला पुढे ओढत नेत असतील तर तो गुण टिकेल. आज मुलगी परीक्षेच्या ताणाने, आजारपणाने किंवा डाएटने वजन घटवते, आणि ज्यांच्यात तो जुना खटका आहे त्यांच्यात तो पडतो. जायला कुठेच नाही, म्हणून ती गॅलरीत चालत राहते.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रडू आलं, हे मोकळेपणाने सांगते. इतके महिने नखरे, हट्ट, आईची चूक एवढेच शब्द कानावर होते. त्यानंतर कुणीतरी म्हणत होतं, की ही मुलगी दुष्काळातून चालते आहे. पण रडू आलं म्हणून गोष्ट खरी ठरत नाही. तेव्हा ती तपासायला घेतली.

सगळ्यात सोपा आक्षेप आधी : छत्तीसपैकी एकाच्याही अंगात तो खटका पडला नाही. हा आक्षेप मला लंगडा वाटतो. ॲनोरेक्सिया स्त्रियांतही शंभरात एखादीला होतो, पुरुषांत त्याहून कितीतरी कमी. छत्तीस निवडक पुरुषांत एकही न सापडणं हेच अपेक्षित होतं. मिनेसोटाने गिसिंगरबाईंना खोटं पाडलं नाही आणि खरंही केलं नाही. बहुतेकांचं शरीर काय करतं, एवढंच त्याने दाखवलं.

दुसरा आक्षेप मला आपल्या मातीतून सुचला. १८७६ ते ७८ चा दख्खनचा दुष्काळ. ब्रिटिश सरकारचे अधिकारी सर रिचर्ड टेम्पल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा पुरेल असं ठरवलं. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी हे फार तोकडं आहे म्हणून विरोध केला. मुंबई इलाख्यातही मजुरी कापली गेली, तेव्हा हजारो मजूर कामं सोडून निघून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे दाद मागितली. मी आकडेमोड करून पाहिली. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम ज्वारी, सुमारे दीड हजार कॅलरी. कीज यांनी तरुणांना जवळजवळ तेवढ्यावर ठेवलं होतं, पण आपल्या माणसांना त्यावर दिवसभर खडी फोडायची, माती उपसायची होती. आणि ही माणसं चालत होती. गुरं सोडून, घराला काटी लावून, पाणी आणि काम दिसेल तिकडे. आपल्या भाषेत ‘जगायला बाहेर पडणे’ हा शब्दप्रयोगच आहे. पण ती भूक मारून चालत नव्हती, भुकेमुळे चालत होती. वाटेत जे मिळेल ते, कंदमुळं, पाला, तोंडात घालत होती. निघण्यासाठी भूक दाबावी लागते, हे गृहीतकाचं मूळ वाक्यच मला त्यामुळे डळमळीत वाटतं.

तिसरा आक्षेप दवाखान्यातला. दिल्लीच्या एम्समधल्या मनोविकारतज्ज्ञांनी १९९५ साली पाच तरुण मुलींच्या हकिकती छापल्या. खाणं नाकारणं, सतत उलट्या, वजन खूप उतरलेलं, पाळी बंद. पण जादा हालचाल नाही, आणि आपण जाड आहोत असा भ्रमही नाही. हाँगकाँगमध्ये मनोविकारतज्ज्ञ सिंग ली यांनी वर्णन केलेल्या अनेक रुग्णांनाही जाड होण्याची भीती नव्हती. पोट भरल्यासारखं वाटतं, खाववत नाही, एवढंच त्या म्हणायच्या. आजार तोच असेल तर चालणारे पाय हा त्याचा गाभा कसा धरायचा?

आणि चौथा, सगळ्यात जड. या आजारात मृत्यूचं प्रमाण त्याच वयाच्या इतरांच्या पाचपटीहून जास्त आढळलं आहे. नवी जमीन आली, अन्न समोर आलं, की खटका परत फिरायला हवा. तो फिरत नाही. ज्या यंत्रणेला थांबणं ठाऊक नाही ती जगवण्यासाठी घडली, हे पटवायला आणखी पुरावा लागेल.

तरीही मी हे गृहीतक केराच्या टोपलीत टाकणार नाही, आणि त्याचं कारण उंदीर आहेत. १९६७ साली रूटेनबर्ग आणि कुझनेसॉफ यांनी उंदरांना दिवसातून तासभरच अन्न दिलं आणि उरलेला वेळ पिंजऱ्यात पळायचं चाक ठेवलं. चाक नसलेले उंदीर तेवढ्या अन्नावर तग धरून राहिले. चाकवाले दिवसागणिक जास्त पळू लागले, मिळालेल्या तासातही कमी खाऊ लागले, आणि तसंच चालू ठेवलं तर मरेपर्यंत पळाले. त्यांना आरसा नाही, मॉडेल नाही, इन्स्टाग्राम नाही. पुढे कळलं, की चरबीतून पाझरणारं लेप्टिन नावाचं संप्रेरक अशा उंदरांना दिलं की पळणं ओसरतं. ॲनोरेक्सियाच्या रुग्णांत लेप्टिन अगदी तळाला गेलेलं असतं. म्हणजे चरबीचा साठा संपत आला ही हाक मेंदूला जाते, आणि ती हाक ऐकून पाय चालू लागणं ही फार जुनी, माणसाच्याही आधीची गोष्ट आहे. हे पळणं अन्नाच्या शोधात आहे की अंग ऊब धरावं म्हणून, यावर वाद आहे. पिंजरा उबदार ठेवला तर उंदीर कमी पळतात आणि सावरतात. गुल यांनीही आपल्या रुग्णांना शेक द्यायला सांगितलं होतं. माणसांत नुसत्या उबेने वजन वाढतं असं सिद्ध झालेलं नाही, पण मे महिन्यातला तो स्वेटर मला तेव्हापासून वेगळा दिसायला लागला.

माझं मत असं झालं आहे : गिसिंगरबाईंच्या सांगण्यातला पायांचा भाग टिकण्यासारखा आहे. भूक मुद्दाम दाबली जाते हा भाग अजून सिद्ध व्हायचा आहे.

बाकीची उत्तरं

दोन उत्तरं थोडक्यात सांगते, कारण मला ती कमी पटतात. १९८० च्या दशकात काहींनी मांडलं, की परिस्थिती प्रतिकूल असताना मूल होणं पुढे ढकलण्यासाठी मादीचं शरीर खाणं कमी करतं. पाळी थांबते हे खरं. पण पाळी थांबायला देह एवढा झिजवावा लागत नाही. धावपटू मुलींची पाळी ऊर्जेच्या थोड्या तुटीनेही थांबते. आणि मिनेसोटात पुरुषांचंही कामजीवन विझलंच होतं. शरीर तुटीच्या दिवसांत पुनरुत्पादनाचं दुकान बंद करतं, त्यासाठी वेगळी युक्ती लागत नाही. दुसरं उत्तर मनोविकारतज्ज्ञ रियाध आबेद यांचं, १९९८ चं : स्त्रिया जोडीदारासाठी एकमेकींशी स्पर्धा करतात, सडपातळपणा तारुण्याची खूण असतो आणि आजच्या शहरात ती स्पर्धा हाताबाहेर जाते. डाएटचं वेड आणि बुलिमियाचा, म्हणजे भसाभसा खाऊन मग ते उलटून टाकण्याच्या आजाराचा, काही भाग यातून समजू शकेल. पण जाड होण्याची भीतीच नसलेल्या हाँगकाँग-दिल्लीच्या मुली, गुल यांचे रुग्ण, आणि आजारी पडणारे मुलगे यात बसवायचे कुठे?

२०१९ मध्ये जवळपास सतरा हजार रुग्णांच्या जनुकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ॲनोरेक्सियाशी जोडलेल्या आठ जागा सापडल्या. त्यांचं नातं मनोविकारांशी तर होतंच, शिवाय चयापचयाशी आणि शारीरिक हालचालीच्या प्रमाणाशीही दिसलं. यातून नैसर्गिक निवडीने हा गुण वाढवला असं सिद्ध होत नाही. पण हा आजार नुसता डोक्यातला नाही, हे मात्र माझ्या बहिणीला ठामपणे सांगता आलं.

खाखा

उत्क्रांतीचं उत्तर खरोखर भक्कम उभं राहतं ते उलट्या बाजूला. भसाभसा खाण्याच्या बाजूला.

जुलै १९४५ च्या शेवटी भरून आणण्याचा टप्पा सुरू झाला. तरुणांचे चार गट केले आणि प्रत्येक गटाचं अन्न वेगवेगळ्या प्रमाणात वाढवलं. कमी वाढ मिळालेले गट आठवडे गेले तरी हलेनात, सगळ्यांचाच आकडा आणखी वर न्यावा लागला. भूक शमत नव्हती. बारा आठवड्यांनी बंधनं उठली तेव्हा काही जणांनी दिवसाला पाच हजार, काहींनी दहा हजार कॅलरींपर्यंत मजल मारली. पोट तट्ट फुगलं, तरी ‘भरलं’ असं वाटत नव्हतं. खाऊन आजारी पडणारे होते, आणि तरी पुन्हा खाणारे. वजन मूळ जागेवर येऊनही वखवख लगेच गेली नाही, आणि चरबी तर आधीपेक्षा जास्त चढली, मग कितीतरी महिन्यांनी उतरली.

आपल्याकडे याला नेमका शब्द आहे : खाखा सुटणे. तापातून उठलेल्या मुलाला खाखा सुटली की आपण म्हणतो, खाऊ दे, अंगी लागेल. पण डाएटमधून उठलेल्या मुलीला तीच खाखा सुटली की आपण म्हणतो, ताबा नाही. शरीराला दोन्ही सारखेच. त्याच्या लेखी दुष्काळ येऊन गेला आहे आणि कोठार भरायचं आहे. जनुकशास्त्रज्ञ जेम्स नील यांनी १९६२ साली ‘काटकसरी’ जनुकांची, म्हणजे सुबत्तेत चरबी साठवून टंचाईत तगवणाऱ्या जनुकांची, कल्पना मांडली, ती मधुमेहाच्या संदर्भात, आणि त्या कल्पनेवर पुढे बरीच टीकाही झाली. पण उपासमारीनंतर हपापून खाणारं शरीर तगून राहतं, याला मिनेसोटाइतकं उघडं उदाहरण दुसरं नाही. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायका ‘रात्री माझा तोल जातो’ म्हणून ओशाळतात. मी त्यांना आधी दिवसभराचं ताट विचारते. सकाळी चहा, दुपारी काकडी, मग रात्री डबा उघडला की हात थांबत नाही. त्यांना मी या छत्तीस जणांबद्दल सांगते. आधी दिवसा जेवायला लावते.

भाचीच्या बाबतीतही डॉक्टरांनी हाच क्रम धरला. आधी वजन, मग बोलणं. ठरल्या वेळी, ठरलेलं ताट, आई शेजारी बसलेली, भूक आहे का हा प्रश्नच विचारायचा नाही. गुल यांनीही दीडशे वर्षांपूर्वी हेच सांगितलं होतं, की रुग्णाच्या इच्छेवर न ठेवता नियमित अंतराने अन्न द्यावं. सुरुवातीला मला ही जबरदस्ती वाटली. मिनेसोटा वाचल्यावर वाटलं नाही. उपाशी मेंदूशी अन्नाबद्दल वाद घालून उपयोग नसतो, त्या तरुणांच्या चाचण्या तेच सांगतात. वाढताना काळजी मात्र हवी. फार झिजलेल्या शरीरात एकदम भरमसाट अन्न गेलं तर रक्तातले क्षार कोसळू शकतात, म्हणून हे घरच्या घरी नाही, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

बहिणीने एकदा मला विचारलं होतं, "ही मुद्दाम करते का गं?" मी तिला गॅलरीतल्या फेऱ्यांची, उंदरांच्या चाकाची आणि लेप्टिनची गोष्ट एका दमात सांगितली. तिला किती कळली माहीत नाही. पण त्या दिवसापासून तिने भाचीला "बस की एका जागी" म्हणणं बंद केलं. ती तिच्याबरोबर गॅलरीत जाऊन उभी राहायची, आणि दहा मिनिटांनी हात धरून आत आणायची.

दोन वर्षांनी, पुन्हा मे महिन्यात, भाची आमच्याकडे आली. दुपारी आमरस होता. तिने पोळीचे चार तुकडे केले, दोन वाट्या रस घेतला, आणि हात धुऊन आली ती तिथेच सोफ्यावर आडवी झाली. मी ओटा आवरून बाहेर आले तेव्हा ती गाढ झोपली होती, पंख्याखाली, बिनबाह्यांच्या कुर्त्यात.